दुपारी दोन सतराची सही

"ताई, सायेबांना जरा बघून येऊ का? दवाखाना लांब न्हाई म्हणालात," हणमंत लोहार म्हणाले.

"अतिदक्षता विभागात कुणाला सोडत नाहीत. तुम्ही आधी हे माप नीट सांगा," मी म्हटलं आणि चित्राचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. एरंडवण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो. खांबेटे सर रविवारपासून दवाखान्यात होते. छातीत कळ आली तेव्हा त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती आणि समोर लोहारांचीच फाइल. स्ट्रेचरवरून नेतानाही ते मला म्हणाले होते, "हेमा, लोहारांचं राहिलंय. गुरुवार शेवटचा."

अच्युत खांबेटे म्हणजे पुण्यातले जुने पेटंट एजंट. कुणी काही नवं यंत्र शोधलं की त्याचं वर्णन कायद्याच्या भाषेत बसवायचं आणि पेटंट कार्यालयात दाखल करायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं होते. पदवी माझी साधी बी. कॉम., पण मुदती आणि नियम मला तोंडपाठ. सर स्वतःच लोकांना सांगायचे, "कायदा मी शिकलोय, पण तो राहतो हेमाकडे." या वाक्यावर मी किती वर्षं फुगून होते ते आज सांगायलाही लाज वाटते.

लोहारांचं काम तसं लहान होतं. ते लोणंदचे. तिथे त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांच्या मुलीचा, सुलीचा, उजवा हात अकराव्या वर्षी कडबाकुट्टीत, म्हणजे गुरांचा चारा कापायच्या यंत्रात, गेला. कडबा आत ढकलताना दातेरी रोलरने बोटं धरली आणि मागची पाती फिरतच होती. चार बोटं गेली, अंगठा राहिला. त्यानंतर दीड वर्ष या माणसाने दुसरं काही केलं नाही. कडबाकुट्टीच्या तोंडावर त्यांनी एक पत्रा टांगला. कडब्याची पेंढी आत गेली की ती पत्र्याला दोन्हीकडून सारखीच उचलते. हात गेला तर तो एकाच बाजूने उचलतो. पत्रा तिरका झाला की यंत्राचा पट्टा सुटतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'राखण'.

पहिल्यांदा आले तेव्हा सरांनी त्यांना विचारलं होतं, "पेटंट घेऊन काय करणार? कंपनीला विकणार?"

"इकायचं न्हाई. दुसऱ्यानं केलं तरी खुशाल करू दे. पर माझ्या मापानं करू दे. कुणी सोस्तात करायला गेला आन् पत्रा नुसता उचलला तरी यंत्र बंद पडाय लागलं, तर लोक काय करतील? तारंनं बांधून टाकतील. मग त्यो असून नसल्यासारखाच. बिघडवून कुणी करू नये, यवढंच माझं म्हननं हाय."

ते गेल्यावर सर मला म्हणाले, "या माणसाची फी घ्यायची नाही."

पहिला, कच्चा अर्ज आम्ही लगेच केला होता. त्यानंतर बरोबर एका वर्षाच्या आत पक्का मसुदा द्यावा लागतो. नाही दिला तर अर्ज सोडून दिला असं समजतात, आणि त्यात एका दिवसाचीही सवलत मिळत नाही. सरांची पद्धत अशी, की शेवटच्या दिवसापर्यंत मसुदा घासत बसायचं. 'आंबा आणि मसुदा पाडाला आल्याशिवाय उतरवू नये,' म्हणायचे. एकोणीस वर्षांत एकही मुदत चुकली नव्हती, म्हणून ही पद्धत शहाणपणाची वाटायची. राहिलं होतं ते एकच माप, पत्रा किती तिरका झाला की पट्टा सुटतो ते. तेवढ्यासाठी लोहार पहाटेच्या गाडीने आले होते, आणि सोबत भाकरीचा डबा होता.

"अर्धं बोट," ते म्हणाले.

"मिलिमीटरमध्ये सांगा. बोटं प्रत्येकाची वेगळी."

त्यांनी खिशातून पट्टी काढली, आपल्या बोटाला लावली आणि म्हणाले, "नऊ. नऊ लिवा." मी नऊ लिहिलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. सरांचा भाचा सुहास होता. सरांना मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली.

"हेमाताई, मामा गेला."

"कधी?"

"दहा पन्नासला."

मी समोरच्या कागदावर लिहिलं, १०.५०. वेळ ऐकली की लिहून ठेवायची, ही सवय सरांनीच लावलेली. लिहिल्यावर मला रडू फुटलं. लोहारांनी माठातलं पाणी आणून दिलं आणि काही न विचारता समोर उभे राहिले. त्यांना कळलं होतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई, आज ऱ्हाऊ द्या माझं. मानूस गेलंय."

"आज राहिलं तर कायमचं राहील. आजचाच दिवस आहे."

"मग असं करू का? कागद तर समदं तयार हायत. मी सोता घिऊन मुंबईला जातो. आत्ता निघालो तर तीन-साडेतीनला पोचतोय. तितल्या सायबाच्या हातात देतो, पोच घेतो. तुमी निवांत दवाखान्यात जावा."

त्यांनी हे अगदी सहज विचारलं. पायात चपला सरकवल्यासुद्धा.

"अहो, आता कागद घेत नाहीत," मी म्हटलं. "ते दिवस गेले. दोन वर्षं झाली, सगळं ऑनलाइनच द्यावं लागतं. कायदाच आहे तसा. तुम्ही तिथे जाल आणि हात हलवत परत याल."

"इच्यारून तरी बघा की. फोन लावा."

"मला विचारायची गरज नाही. मी हेच करते रोज."

आवाज जरा चढलाच माझा. त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि बाकावर बसले.

पुण्यात दुसरे एजंट होते. एकांचा नंबर माझ्या वहीत होता, पण त्यांचं आणि सरांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. सर गेल्याच्या दिवशी त्यांच्या दारात कामासाठी जायचं? फोन उचलला आणि परत ठेवला. लोहारांना ऑफिस सांभाळायला सांगून मी दवाखान्यात गेले.

सरांना पाहिलं. चष्मा काढलेला होता, त्यामुळे ते कुणी वेगळेच वाटत होते. सुहास म्हणाला, "ताई, पेपरात द्यायचं निवेदन तुम्हीच लिहा. मामाला तुमचंच मराठी आवडायचं." बाकावर बसून मी लिहिलं. 'गुरुवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी' हे मीच घातलं. एरवी कुणी मिनिटं लिहीत नाही. पण सर वेळेचे फार पक्के, त्यांच्या बाबतीत नुसतं 'सकाळी' लिहिणं मला बरं वाटेना.

परत आले तेव्हा दीड वाजला होता. लोहारांनी डबा उघडला नव्हता.

एजंटाची सही आता कागदावर नसते. पेन ड्राइव्हसारखी एक चीप असते, ती संगणकाला लावायची, आकडे टाकायचे, की त्या कागदाखाली एजंटाची सही उमटते. ती सही म्हणजे तो माणूसच, असं कायदा समजतो. पण सरांनी त्या चीपला आठ वर्षांत एकदाही हात लावला नव्हता. ती माझ्या ड्रॉवरमध्ये असायची आणि आकडे मला पाठ. सर कागद वाचायचे, लाल पेन्सिलीने खूण करायचे आणि म्हणायचे, "मार शिक्का." मी मारायचे. मला माहीत असलेल्या प्रत्येक ऑफिसात हे असंच चालायचं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या दिवशी मी चीप लावली. मी मनाला समजावलं, सरांनीच तर सांगितलंय, गुरुवार शेवटचा. त्यांची इच्छाच पुरी करतेय. आकडे टाकले. पडद्यावर पावती आली. दोन वाजून सतरा मिनिटं.

"झालं?" लोहारांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी पडद्याला हात जोडले. मग म्हणाले, "आता सायबांकडं जाऊ." संध्याकाळी पाच वाजता वैकुंठ स्मशानभूमीत ते माझ्यामागे उभे होते. सरांना ते उण्यापुऱ्या चार वेळाच भेटले होते.

पुढची साडेतीन वर्षं त्यांचा दर दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा. मी दुसरीकडे नोकरीला लागले होते, तरी त्यांचं काम मीच बघत होते. दरम्यान त्यांनी राखण बसवलेल्या शंभरेक कडबाकुट्ट्या विकल्या. एकदा फोनवर आवाज वेगळा लागला.

"ताई, एका कंपनीनं काडलंय. बाजारात आलंय."

"तुमच्यासारखंच?"

"दिसाया तसंच. पर नुसता पत्रा उचलला की बंद पडतंय. पेंढी लावली की बंद, पेंढी लावली की बंद. तरडगावात एका घरी बघून आलो. पत्रा तारंनं बांधलाय."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"त्या घरातल्या सुनंचा हात गेलाय, ताई. मनगटापासनं."

पेटंट मिळालं की कंपनीला थांबवता येईल, असं मी त्यांना सांगितलं. ते अगदी खरं होतं. त्यांचं सगळं बळ त्या एका कागदावर होतं आणि कंपनीलाही ते कळत होतं. महिन्याभरात कंपनीने आमच्या अर्जाला हरकत घेतली. हरकतीला दोन कागद जोडले होते. एक पेटंट कार्यालयाची पावती, वेळ दोन सतरा. दुसरं पेपरातलं कात्रण, सकाळी दहा पन्नास. दोन्ही माझ्याच हातचे.

सुनावणी मुंबईत होती. लोहार आले होते आणि बरोबर सुली. सतरा वर्षांची, उंच, उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. वकील करायची ऐपत नव्हती, म्हणून मीच त्यांच्याबरोबर बसले. समोरचे अधिकारी वयस्कर होते, मराठी होते आणि आवाज खूप हळू होता.

"ही सही कोणी केली?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. "मी केली."

"एजंट तेव्हा हयात नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ते लोहारांकडे वळले. "हे बघा, मृत माणसाची सही ही सहीच नाही. म्हणजे त्या दिवशी मसुदा दाखल झालाच नाही. आणि ती मुदत वाढवायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. नव्याने अर्ज करायचा म्हणाल, तर तुमचं यंत्र आता बाजारात उघड झालेलं आहे." ते थांबले. "पण मला एक कळत नाही. तुम्ही स्वतः का नाही आलात? ऑनलाइनची सक्ती आहे ती एजंटांना. अर्जदाराला नाही. तुम्ही स्वतः कागद घेऊन आला असतात तर खिडकीवर घेतले असते, त्याच दिवशीचा शिक्का मारून."

मी खाली बघत होते.

हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं आज म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सर गेल्यानंतर आठव्या दिवशी मी लोहारांच्या अधिकारपत्राची मूळ प्रत द्यायला याच कार्यालयात आले होते. मूळ कागद पंधरा दिवसांत पोचवावे लागतात, तो नियम मला पाठ होता. माझ्यापुढे रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून टाइप केलेला अर्ज काढला, खिडकीत दिला आणि शिक्का मारलेली पोच घेऊन गेले. मी घरी येऊन नियम काढला. पहिलाच शब्द होता, एजंटाने. दोन वर्षं मी तो नियम वाचत होते, पण त्या शब्दावर माझा डोळा कधी अडलाच नव्हता. आम्ही एजंट, म्हणून जग एजंट. त्या रात्री जेवले नाही, एवढंच. लोहारांना काही सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, असं म्हटलं आणि गप्प राहिले.

कंपनीचा वकील उठला. तरुण होता, हुशार होता. "साहेब, या बाईंनी बनावट सही केलेली आहे, हे त्या मान्यच करतात. पण अर्जदारालाही यांनी अंधारात ठेवलं का, हे नोंदलं जावं. आम्ही यांच्यावर फौजदारी करायच्या विचारात आहोत." मग लोहारांकडे वळून म्हणाला, "सांगा काका. तुम्ही स्वतः मुंबईला निघाला होतात का? या बाईंनी तुम्हाला अडवलं का?"

लोहारांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते बघत होते, माप घ्यावं तसं.

"न्हाई," ते म्हणाले. "मला सुचलंच न्हाई."

"नीट आठवून सांगा."

"सुचलं न्हाई म्हनलो न्हवं. अडानी मानूस हाय मी. सुचलं असतं तर गेलो असतो."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. अर्ज सोडून दिला असं समजण्यात येत आहे, हेही लिहिलं. पुढे माझ्यावर फौजदारी काही झाली नाही. कंपनीला हवं ते मिळालं होतं.

बाहेर आलो. सुली नळावर बाटली भरायला गेली. जाताना बापाकडे बघून म्हणाली, "येवढं साधं सुचलं न्हाई, अप्पा?" त्यांनी मान हलवली.

ती लांब गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत? तुम्ही विचारलं होतंत मला. चपला घातल्या होत्या तुम्ही."

"खरं सांगून राखण परत आली असती का?"

"नाही. पण मी..."

"तुमचा हात आत चालला हुता, ताई," ते म्हणाले. "दिसल्यावर थांबवायचं आस्तंय."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. करायला तोंड नव्हतं. ती तारेने बांधावी लागणारी यंत्रं अजूनही बाजारात मिळतात. गावाकडे कुठे कडबाकुट्टीचा आवाज आला की मी रस्ता बदलते.

गेल्या पौषात सुलीचा फोन आला. मी आवाज ओळखला नाही. अप्पा गेले, म्हणाली. दुकानातच, बसल्या जागी. तेरावा झाला. डायरीत तुमचा नंबर होता म्हणून कळवतेय.

मी सांत्वनाचं जे बोलायचं ते बोलले. ती हो हो म्हणत होती, पण फोन ठेवत नव्हती.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"मुंबईहून आल्यावर मी अप्पांना लई बोलले होते. मुंबईला जायचं येवढं साधं सुचलं न्हाई, तुमच्या अडाणीपणानं सगळं गेलं म्हणून. तरडगावच्या वहिनींचा हात तुमच्यापायी गेला, असंपण बोलले एकदा. वर्षभर धड बोलत नव्हते त्यांच्याशी. ते कधी उलटून एक शब्द बोलले न्हाईत. नुसतं म्हणायचे, चुकलं बाई माझं." ती थांबली. "आता राहून राहून वाटतंय. अप्पांना पत्र्याचं येवढं सुचलं, आणि एस.टी.त बसायचं न्हाई सुचलं? खरंच न्हाई सुचलं का हो त्यांना?"

माणूस गेलेलं होतं, मुलगी दुःखात होती. 'नाही गं, त्या गडबडीत कुणालाच सुचलं नसतं,' एवढं म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. वाक्य तयारही होतं.

"सुचलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी मला विचारलं होतं. कागद घेऊन जातो म्हणाले. फोन लावून विचारा, असंही म्हणाले. मीच नाही म्हटलं. मला वाटलं, मला नियम माहीत आहे."

मी थांबले. पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, ते ऐकू येत होतं.

"सुली?"

"मी त्यांना शेवटपर्यंत तेच बोलत राहिले, ताई," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.